मर्जी असेपर्यंत

आक्के, मंचरच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा आबांनी माझी बॅग खिडकीतून सीटवर टाकली आणि मोठ्यानं विचारलं, "पर्मनंट हाय न्हवं रं?" मी म्हणालो, "व्हय आबा, पर्मनंट." इंग्लंडातल्या कॉलेजचं नोकरीचं पत्र माझ्या खिशातच होतं. त्यात सहा महिने असं लिहिलं होतं. तू शेजारी उभी होतीस, पण तुलाही मी ते सांगितलं नाही. माझ्या त्या एका शब्दावर आबांनी पुढच्याच बाजारी सगळी मेंढरं विकली.

त्याला चार वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी मी ईमेल लिहितो, काम पुढे चालू ठेवावं ही नम्र विनंती. कॉन्ट्रॅक्ट संपलं की व्हिसाही संपणार, म्हणून मी इथं साधं कपाट घेतलेलं नाही. कपडे अजून त्याच बॅगेत आहेत. वर्गात समाजशास्त्र शिकवायचं आणि बाहेर आलं की उत्तर आलं का म्हणून फोन बघायचा. वीट आलाय मला या सगळ्याचा.

मागच्या महिन्यात एक नवा शब्द शिकवायचा होता, प्रिकॅरिएट. ज्यांच्या कामाचा उद्याचा भरवसा नाही, अशांचा वर्ग. प्रिकॅरियस आणि प्रोलेटॅरिएट हे दोन शब्द जोडून तो बनवलाय. त्यातल्या पहिल्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. विनवणी करून मिळवलेलं, देणाऱ्याची मर्जी असेपर्यंतच आपलं, असा त्याचा अर्थ. उदाहरण म्हणून मी शहाण्यासारखा आबांबद्दल बोलायला लागलो. स्वतःची जमीन नाही, मेंढरं घेऊन दुसऱ्याच्या वावरात मुक्काम, आज इथं, उद्या तिथं. एका मुलीनं विचारलं, वडील त्या शेतकऱ्यांना विनंती करायचे का?

आक्के, आबांनी कधी कुणाला विनंती केली गं? मेंढरांच्या लेंडीखतासाठी बागायतदार नारळ घेऊन आपल्या बिऱ्हाडावर यायचे. "पावणं, यंदा आमच्या वावरात बसा, लई उपकार हुतील." आबा तंबाखू मळत म्हणायचे, "बघू, अण्णांना आदी शबूद दिलाय." कुठं बसायचं ते आबा ठरवायचे. तेव्हा कॉलेजात मित्रांसमोर मला त्या बिऱ्हाडाची लाज वाटायची. त्या वर्गात प्रिकॅरियस हा शब्द लागू पडणारा एकटा मीच होतो.

परवा तू फोनवर हसत सांगितलंस, निरगुडसरचे अण्णा यंदाही नारळ घेऊन आले होते. आबांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "मेंढरं न्हाईत आता. पोरगं पर्मनंट झालंय." तू हसलीस. मला रात्रभर स्वतःचा राग येत राहिला.

काल कॉलेजचं उत्तर आलं. पुढच्या सहा महिन्यांसाठी काम नाही.

घर म्हटलं की अजूनही तेच डोळ्यांसमोर येतं, लोक आपणहून बोलवायला यायचे ते आपलं बिऱ्हाड. ते मी खोटं बोलून मोडलं. माझे मेसेज तूच आबांना वाचून दाखवतेस, हाही दाखव. पत्रातल्या सहा महिन्यांचं वाचशील तेव्हा आवाज खाली आणू नकोस. सगळं ऐकून झालं की त्यांना विचार, मी येऊ का. विनंती म्हणून विचार.