वनमालाबाई आणि खालची डॉक्टरीण

हरिशंकरपुरममध्ये कुणाचं मूल तापलं, अंगावर पुरळ उठलं, की आई आधी वनमालाबाईंचा जिना चढायची. त्यांच्या एकत्र कुटुंबातली सगळी पोरं बाईंच्याच हाताखाली वाढलेली. त्यामुळे त्यांच्या नजरेवर साऱ्यांचा भरवसा.

मग खालच्या मजल्यावर तरुण डॉक्टर सीमंतिनीनं मुलांचा दवाखाना उघडला आणि आया खालीच थांबू लागल्या. बाई गॅलरीतून बघत राहायच्या.

"गोड बोलते, म्हणून भुलतात सगळ्या," त्या सुनेला, श्रुतीला म्हणायच्या. जिन्यात सीमंतिनीनं "काकू, नमस्कार" म्हटलं, की त्यांच्या पोटात आणखीच दुखायचं.

पावसाळ्यात नात गार्गी तापली. हातांवर फोड आले.

"कांजिण्या आहेत," बाई म्हणाल्या.

"आई, ती काही गिळतच नाहीये. खाली दाखवू या ना."

"माझ्या नातीला काय झालंय ते त्या पोरीनं सांगायचं?"

श्रुती गार्गीसाठी पेज करायला गेली. पण संध्याकाळी गार्गीनं पाण्याचा पेलाही ढकलला. "आजी, मुँह में जल रहा है," शाळेतल्या हिंदीत म्हणत ती रडायला लागली. बाईंनी तिचं तोंड उघडून पाहिलं. जिभेवर, गालांच्या आत छाले, लालभडक फोड होते. तळहातांवर, तळपायांवर फोड, आणि पोट-पाठ मात्र स्वच्छ! कांजिण्या अशा कधीच नसतात. सुनेला हाक न मारताच नातीला कडेवर घेऊन त्या जिना उतरल्या.

"हा हात-पाय-तोंडाचा आजार आहे, काकू," सीमंतिनी म्हणाली. "बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. फक्त पाणी, थंड दूध चमच्याचमच्यानं पोटात जायला हवं. लघवी कमी झाली किंवा पोर मलूल पडली, तर लगेच आणा. आणि तुम्हाला आधी कांजिण्या वाटल्या म्हणता, ते साहजिक आहे हं. आम्हीसुद्धा फसतो."

ती टाकून बोलली असती तर बरं, असं बाईंना वाटलं. हा समजूतदारपणाच त्यांना जास्त झोंबला.

गार्गी खेळायला लागली. काही आठवड्यांनी शेजारची गरिमा लेकाला घेऊन वर आली. दवाखाना उघडायला अजून वेळ होता. बाईंचा चेहरा खुलला. पोराचे डोळे लाल, नाक वाहतंय, खोकला, आणि पुरळ कानांमागून गळ्यावर उतरलेलं. शंकाच नव्हती. तरी या वेळी त्यांनी पोराचं तोंड उघडून आतही पाहिलं.

"गोवर दिसतोय. दवाखाना उघडताच दाखव. आत इतर मुलं असतील, तर बाहेरूनच हाक मार, लागण होते."

गरिमा वळली तशी बाईंना राहवलं नाही.

"आणि तिला सांग, वरच्या काकूंनी आधीच ओळखला म्हणावं!"