आडात सोडलेला पोहरा

मोशेची ती गोष्ट मी आष्टीकडच्या आमच्या शाळेत किती वेळा शिकवली असेल, देव जाणे. मिसरातल्या गुलामीतून सोडवून आणलेले लोक रानात पाण्यावाचून तडफडतात. देव मोशेला सांगतो, खडकाशी बोल, पाणी येईल. लोकांच्या कटकटीने मोशेचं डोकं फिरलेलं असतं. तो बोलत नाही, काठीने खडकावर दोनदा हाणतो. पाणी येतं, पण देव म्हणतो, माझं ऐकलं नाहीस, आता मी कबूल केलेल्या त्या चांगल्या देशात तुला पाय ठेवता येणार नाही. शेवटी तो देश मोशे डोंगरावरून नुसता लांबून बघतो आणि मरतो. चाळीस वर्षांची पायपीट दोन फटक्यांत मातीत. मला या गोष्टीचा फार राग यायचा. पोरांना मात्र सांगायचो, आज्ञा मोडली की असं होतं.

आमची वस्ती गावकुसाबाहेर. ख्रिस्ती होऊन आम्ही देव बदलला, पण पाणी भरायची रीत होती तीच राहिली. आमच्या बायकांनी गावच्या आडापासून लांब घागरी मांडून बसायचं, आणि गावातल्या कुणा बाईला दया आली तर तिने वरून पाणी ओतायचं. वस्तीला वेगळी विहीर पाडायची, तर जागा पाटलाच्या हातात. पाद्रीसाहेब नगरकडून, इंग्रजी हद्दीतून यायचे. त्यांनी मला बजावलं, "मास्तर, पाटलाशी फक्त बोला. आडाला हात लावू नका. देवाला हेच आवडेल."

मी सात-आठ महिने बोललो. पाटील सुपारी कातरत म्हणायचा, "बघू की मास्तर. एवढी घाई कावून हाय?"

उन्हाळ्यात एका दुपारी शाळा सोडून आडाकडे गेलो. माझी बायको दिवस भरत आलेली, सकाळपासून रिकाम्या घागरीशी बसली होती. आडावर तिघी-चौघी गप्पा मारत होत्या. मी एक शब्द बोललो नाही. काठावरचा पोहरा उचलून आत सोडला आणि घागर भरली. दुसऱ्यांदा सोडला तो निव्वळ रागाने. तेव्हा भरायला घागरही नव्हती.

गावाने त्याच दिवशी वस्तीचं पाणी बंद केलं. बायका दोन कोसांवर नदीच्या कोरड्या वाळूत झिरे उकरू लागल्या. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "मास्तर, तुमी लई शिकलेले. पर तुमच्या रागाचं वझं आमच्या डोक्यावर आलं."

शेवटी पाद्रीसाहेब स्वतः पाटलापुढे बसले. जागा मिळाली. अट एकच, मास्तरने या शिवेत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. साहेबांनी ती खाली मान घालून सांगितली. भांडायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं, मी हो म्हणालो.

तीन वर्षांनी आम्ही शिवेबाहेरच्या माळावरून चाललो होतो. खाली वस्तीची विहीर दिसत होती, रहाटाची कुरकुर वरपर्यंत येत होती. मुलीला तहान लागली म्हणून बायको तिला घेऊन उतरली. मी दगडावर बसून राहिलो. इतका थकवा मला कधी आला नव्हता.

बायको परत आली तेव्हा तिच्या हातात भरलेला तांब्या होता. "म्हातारीनं दिलंय," ती म्हणाली, "मास्तरला द्या म्हणाली."

मी ते पाणी प्यालो. मोशेला एवढंही कुणी आणून दिलं नव्हतं.