डोळ्यातला कचरा अन् काकूची जीभ

मंडळी, आज मले दुपारचा डबा गेलाच नाही.

मी यवतमाळात डोळ्याच्या दवाखान्यात तपासणीचं काम करतो. सकाळी दिग्रसकडची एक बाई आली. डोळा लालभडक, उजेड सहन होत नव्हता. डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात मायक्रोस्कोपमधून पाह्यलं, तं बुबुळावर कपाशीच्या पऱ्हाटीच्या फांदीसारखी हिरवी रेघ चमकून राह्यली होती. अशी फांदी दिसली की समजायचं, व्हायरस हाय.

"डोळ्यात काही गेलतं काय?"

"कापूस वेचताना कचरा गेलता. या काकूनं जिभेनं काढून देल्ला."

काकू बाजूलेच उभी. ओठावर तापाचे पिकलेले फोड!

मले शिसारीच आली. "काकू, या फोडातूनच व्हायरस तिच्या डोळ्यात गेला असंन. आता कोणाच्या डोळ्याले जीभ लावू नका." काकूनं मान डोलावली.

दहा मिनिटांनी बाहेर आलो, तं काकू बाकावर एका म्हाताऱ्याची पापणी वर करून, जीभ काढून तयार! म्हणे, "त्याचा नंबर लागाले येळ हाय ना."

मी असा ओरडलो का काकूनं जीभ झटक्यात आत घेतली.

आपण कोणाच्या उष्ट्या गिलासातलं पाणी पेत नाही. मंग डोळ्यात उष्टी जीभ कशी चालते, सांगा बरं?