वळणावरच्या दोन वायरी

आमच्या घरात नेटच्या दोन लाइनी आहेत म्हटलं की लोकांना मी कुणीतरी फार मोठी वाटते. खरं तर मी घाबरट आहे. एक लाइन पडली तर काय, या धास्तीनं दुसरी घेतली, आणि दुसरी आल्यावर दोन्ही पडल्या तर काय, ही नवी धास्ती लावून घेतली.

सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं आमचं गाव, कऱ्हाडपासून अर्ध्या तासावर. मी पंधरा वर्षं पुण्यात नोकरी केली. मग आई गेली, पाठोपाठ आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि मी बॅग, लॅपटॉप आणि आपला तापट स्वभाव घेऊन गावी आले. लग्न केलेलं नाही, त्यामुळे घरी कुणाला विचारायचं नव्हतं. विचारायचं होतं ते ऑफिसला. ग्राहकाचा कॉम्प्युटर इथं बसून माझ्या स्क्रीनवर उघडायचा आणि त्यातला बिघाड काढायचा, हे माझं काम. मधेच नेट गेलं की त्याचं काम अर्धवट आणि माझी अब्रू चव्हाट्यावर. पहिल्या दोन महिन्यांत हे इतक्यांदा झालं की साहेबांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "अजून एक महिना बघू. लाइन टिकली तर गावातच राहा. नाहीतर पुण्याला परत यावं लागेल."

आबांना हे सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"जा की मग पुण्याला. मला काय धाड भरलीय? माझं मी बघतो."

मला ते फार लागलं. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ज्याच्यासाठी राहायचा आटापिटा चाललेला, त्यालाच माझी गरज नाही! पण आटापिटा काही सोडवेना.

लाइन का पडायची ते गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. कारखान्याचं गाळप सुरू झालं की सकाळी ऊस तोडून भरतात आणि दुपारभर आमच्या गल्लीतून उसाच्या ट्रॉल्या जातात. ऊस इतका उंच रचलेला असतो की वळणावरच्या खांबावरून गेलेल्या वायरी त्यात अडकतात आणि ट्रॉलीबरोबर निघतात. केबलवाला येऊन जोड मारायचा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणून मी दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली, आणि दोन्ही लाइनी एकत्र जोडता येतील असा राउटर कऱ्हाडहून आणला. आबा त्याला डबा म्हणत.

आधी मी दोन्ही लाइनींवर काम वाटून दिलं. वाटलं, वेग दुप्पट होईल. झालं भलतंच. ऑफिसची यंत्रणा मला सारखी बाहेर काढायला लागली, कारण एक बोलणं या लाइनीनं जायचं आणि दुसरं त्या लाइनीनं, आणि तिला वाटायचं, ही कुणी वेगळीच बाई आहे. मी डब्यासमोर बसून चरफडत होते. आबा दारात उभे राहून बघत होते.

"दोन मोटारी एका पायपाला जोडल्यास व्हय?" त्यांनी विचारलं. "नदीची आन् हिरीची?"

"तसंच काहीतरी."

"मग दोनी एकदम चालवायच्या न्हाईत. एक चालू, एक बंद. आन् मधी वाल टाकायचा. न्हाईतर हिरीतलं पाणी नदीत जातंय."

मला हसू आलं आणि रागही आला, कारण त्यांचं बरोबर होतं. मी एक लाइन मुख्य ठेवली, दुसरी राखीव. पहिली पडली की डबा आपोआप दुसरीवर जाणार. पहिलीची वायर हातानं उपटून बघितली. दुसऱ्या लाइनीचा दिवा लागला, व्हिडिओ क्षणभर अडखळला आणि पुढं चालू झाला. मी टाळ्या वाजवल्या.

"दोनी वायरी येत्यात कुठनं?" आबांनी विचारलं.

"कंपनी वेगळी आहे आबा," मी म्हणाले. लहान मुलाला समजावतात त्या सुरात म्हणाले, हे आज आठवतं तेव्हा लाज वाटते.

त्यानंतर तीन आठवडे नेट गेलं नाही. एकदाही नाही. पण मला चैन कुठलं! मी ग्राहकाशी बोलता बोलता डब्याचे दिवे बघायची. जेवताना उठून बघायची. हिरवा आहे ना? हिरवाच असायचा. राखीव लाइन वापरायची वेळच येत नव्हती, आणि हे थोडं नवलाचं आहे, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. मी सगळं श्रेय डब्याला दिलं. साहेबांना तसं लिहूनही कळवलं.

त्याच दिवसांत आबांनी नवीन खोड काढली. जेवण झालं की टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर पडायचे ते पाचला परत. कुठं जाता म्हटलं तर, "पाय मोकळं करतो." चेहरा उन्हानं रापलेला. डॉक्टरांनी उन्हात फिरू नका, हात वर करून काही उचलू नका, असं बजावलेलं. एका संध्याकाळी म्हणाले, दंड भरून आलेत. तशीच त्यांना गाडीत घालून कऱ्हाडला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, हृदय ठीक आहे, स्नायू दुखावलेत, काय उचललं होतं? आबा म्हणाले, "झोपेत अवघडलं."

परतताना मी गाडीत त्यांच्यावर ओरडले. "मी तुमच्यासाठी इथं राहायला धडपडतेय, आणि तुम्हाला चार तास घरात बसवत नाही!" दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आबा टॉवेल घेऊन पुन्हा बाहेर.

महिना संपायला चार दिवस होते. आबा सकाळीच म्हसवडला गेले, पलटणीतल्या जोडीदाराबरोबर सिद्धनाथाच्या दर्शनाला. दुपारी तीनच्या सुमारास एका ग्राहकाचं काम अगदी शेवटाला आलं असताना स्क्रीन थिजली. डब्याकडं बघितलं. पहिला दिवा लाल. दुसराही लाल.

मी अनवाणीच पळत वळणावर गेले. दोन्ही वायरी उसाच्या पाचटात पडल्या होत्या, एकमेकींत गुंतून. ट्रॉली केव्हाच पुढं गेली होती. मी पहिल्यांदाच मान वर करून तो खांब बघितला. दोन्ही कंपन्यांच्या वायरी त्याच एका खांबावरून, एकाच खिळ्याला बांधून आणल्या होत्या. तीन आठवडे मी घरात बसून दिवे बघत होते. वीस पावलं चालून खांब बघितला नव्हता.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली काकू बाहेर आली.

"आज आबा न्हाईत व्हय गावात? तरीच."

"तरीच काय?"

"आगं, रोज तेच उचलून धरत्यात की. ट्रॉली आली का उठायचं, बांबूनं वायरी वर करायच्या, ट्रॉली गेली का बसायचं. मी खुर्ची दिती त्यास्नी. तुला म्हाईत न्हाई?"

खांबाला एक लांब बांबू टेकवलेला होता. टोकाला बेचकं, आणि वायर घासू नये म्हणून बेचक्याला आबांच्या जुन्या टॉवेलाची चिंधी गुंडाळलेली. मी तो उचलून बघितला. मला तो दोन्ही हातांनीही नीट पेलवेना, इतका जड होता. मी काकूच्या खुर्चीवर बसले आणि भर रस्त्यात रडले.

आबा दिवेलागणीला आले. मी अंगारा लावून घेतला, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "मला जा म्हणत होता ना पुण्याला?"

"म्हणत हुतो."

"मग हे काय?"

ते चपलेचा अंगठा चाचपायला लागले. "पोरीला जा म्हणायचं आसतं, बाय. तुझं नुकसान नगं माझ्यापायी. पर तू ऱ्हावंस आसं वाटत हुतं."

पुढं मला आणखी एक महिना मिळाला. दुसरी वायर कालव्याच्या बाजूनं, आमच्याच शेतातून घेतली, जिथं ट्रॉल्या जात नाहीत. वायरीसाठी चर खणताना आबा बांधावर बसून हुकूम सोडत होते. मी अजून इथंच आहे.

पण महिना मिळाला, वायर बदलली, हे सगळं नंतरचं. वायरी तुटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला तेव्हा मला गावात राहता येईल की नाही, हे ठाऊक नव्हतं. ते चिडलेले होते. दोन लाइनी आहेत म्हणता, तीन आठवडे एकदाही बंद पडल्या नाहीत म्हणता, मग काल दोन्ही एकदम गेल्या कशा? काल असं वेगळं काय झालं?

मी रात्री चांगली उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही दिलं नाही.

"काल माझे वडील गावाला गेले होते," मी म्हणाले.