लक्ष्मणभाऊंचा क्लोरीनचा डबा

गेल्या रविवारी सकाळी मी एका माणसाला कामावरून काढणार होतो... काय बोलायचं ते पाठ करूनच मागच्या अंगणात गेलो होतो.

मारुंजीत आमचं रो-हाऊस आहे. मागे बिल्डरने छोटा स्विमिंग पूल करून दिलाय. दापोडीतल्या दोन खोल्यांत वाढलेल्या मला हे अजूनही जरा अतीच वाटतं, पण आमच्या सईचा सगळा जीव त्या पाण्यात.

दर रविवारी लक्ष्मणभाऊ पूल साफ करायला येतात. मूळचे बीडकडचे, बोलणं मोजकं. जाळीने पाला काढायचा, भिंती घासायच्या, तळाचा गाळ ओढून घ्यायचा आणि शेवटी क्लोरीनची पावडर टाकायची, हा त्यांचा क्रम.

महिन्यापूर्वी किचनच्या खिडकीतून पाहिलं, तर भाऊ पावडर न टाकताच निघाले. मनात पाल चुकचुकली. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार घेतोय. आमच्या अंगणातच ठेवलेल्या त्यांच्या डब्यात पावडर कुठपर्यंत आहे ते बघून बाहेरून मार्करने बारीक रेघ मारून ठेवली.

पुढच्या रविवारी ते गेल्यावर बघतो तर पावडर रेघेवर जशीच्या तशी. म्हणजे हा गडी नुसती जाळी फिरवून जातोय तर... माझी लेक डुंबते त्या पाण्यात औषधच नाही, या विचाराने डोकंच फिरलं. मी दुकानातून दुसरा डबा आणला, जिन्याखाली ठेवला आणि संध्याकाळी गुपचूप एकेक मग पूलमध्ये टाकायला लागलो. बायकोलाही सांगितलं नाही. पुरावा पक्का झाल्याशिवाय बोलायचं नाही, ही कंपनीतली सवय.

मग भाऊंनी नवीनच सुरू केलं. पूलमधलं वीतभर पाणी चक्क गटारात सोडायचं आणि वरून ताजं भरायचं. आम्ही इथे टँकरवर दिवस काढतोय राव! त्यात सईचे डोळे चुरचुरायला लागले. घाण पाणी, दुसरं काय... मी एकाचे दोन मग केले.

शनिवारी सई रडतच पाण्यातून बाहेर आली. डोळे लालभडक, उघडता येईनात. डॉक्टरांकडून थेंब आणले आणि ठरवलं, आता बास.

रविवारी मी तोंड उघडायच्या आत भाऊच म्हणाले, "साहेब, जरा इकडं या. लेकराचे डोळे बघितले मी." त्यांच्या हातातल्या काचेच्या नळीत पूलचं पाणी होतं. त्यात त्यांनी तपासायचे थेंब टाकले. पाणी फिकट पिवळं व्हायला पाहिजे, ते गडद नारिंगी झालं.

"क्लोरीन लई झालंय. महिन्यामागं तपासलं तवाच जरा जास्त निघालं, तवापासून मी चिमूटभर टाकलं नाही. पाणी सोडून सोडून कमी करायलोय, तरी वाढायलंय."

महिनाभर मी डबा तपासत बसलो... पाणी एकदाही तपासलं नाही. पोरीच्या डोळ्यांचं मीच वाटोळं करत होतो.

जिन्याखालचा डबा आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, रेघेसकट. त्यांना काढणार होतो तेही सांगितलं. इतकी लाज आयुष्यात वाटली नसेल.

भाऊंनी डबा उचलून बाजूला ठेवला. म्हणाले, "घरातलंच कुणीतरी टाकायलंय, हे मला कळत होतं. मला वाटलं वहिनी असतील. तुम्हाला सांगितलं असतं तर घरात भांडण लागलं असतं, म्हणून गप बसलो. पण आज लेकराकडं बघून राहवलं नाही."

सईचे डोळे आता बरे आहेत. माफी मी तिथेच मागितली, पण झोंबतंय ते वेगळंच... संशय त्यांनाही आला होता. माझं घर शाबूत राहावं म्हणून त्यांनी तो महिनाभर पोटात ठेवला, आणि मी माझ्या संशयापायी त्यांच्या पोटावर पाय द्यायला निघालो होतो.