आपसूक मिटणारा प्रोग्राम

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे. जव्हारचं धुकं डोळ्यांपुढे आलं की जीभ सैल होते, एवढंच.

त्या काळी मी तिथल्या एका कचेरीत कॉम्प्युटरचं काम बघायचो. पावसाळ्यात ढग सरळ खिडकीतून आत यायचे, स्क्रीनचा निळा उजेड त्यात विरघळायचा. आपण जागे आहोत की झोपेत, कळायचं नाही. आश्रमशाळांतल्या मुलांची माहिती भरायचा प्रोग्राम मी लिहिला होता. तो असायचा साहेबांच्या खोलीतल्या मुख्य मशीनवर. बाकीची मशीनं वायरीवरून तिथूनच तो उघडायची.

माहिती भरायला एकटी मंजुळा होती. सूर्यमाळची, बारावी झालेली, घरातली पहिली पगारदार. तिच्या मशीनवर प्रोग्राम मधेच मिटायचा — भरलेलं सगळं जायचं. साहेबांनी कारण विचारलं, आणि मी — काय सुचलं मला? — म्हणालो, ती भलतीच बटणं दाबते. ती एवढंच म्हणाली, "मी काय नाय केला सर, तो आपसूकच मिटतो." तिला मशीनवरून उठवलं. मग नोकरीवरूनही.

तिच्या खुर्चीत मी बसलो. प्रोग्राम समोर चालू होता. त्यातली एक चूक दुरुस्त केली आणि नेहमीच्या सवयीनं, तिथूनच मुख्य मशीनमध्ये शिरून, जुन्याच्या जागी नवा प्रोग्राम टाकला. समोरचा — मिटला. बसल्या माणसाखालचा पाट ओढावा, तसं होतं ते. रोज दुपारी, ती काम करत असताना, मी हेच करत आलो होतो. झटपट दुरुस्ती केली की साहेब शाबासकी देत ना!

साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. सांगायला गेलो का? नाही. त्या दिवसापासून सगळे घरी गेल्यावरच प्रोग्राम बदलू लागलो. मिटणं थांबलं. साहेब हसून म्हणाले, "बघा, पोरगी गेली आणि मशीन सुधारलं." मी मान डोलावली. भित्रा होतो मी — आणि शाबासकीचा हावरा.

पुढे ती एसटी स्टँडवर भेटली. वीटभट्टीवरून गावी परतत होती. तिनं लाजत विचारलं, "सर, आता नाय ना मिटत?"

"नाही," म्हणालो.

तिनं आपले हात उलटेसुलटे करून बघितले. "मंग माझाच हात वाईट," म्हणाली, आणि मोखाड्याच्या गाडीत चढली. मी तिला तसंच जाऊ दिलं.