दादाची लाल गाडी खोलताना

दादाच्या गाडीचा पुढचा भाग उतरवायला घेतला, त्या दिवशी वहिनी गॅरेजात येऊन उभी राहिली. याच जुन्या, दणकट अमेरिकन गाडीत, घाटातल्या कठड्यावर आदळून दादा गेला होता.

बंपर निघाला, जाळी निघाली. चेपलेलं बॉनेट मात्र गंजलेल्या बोल्टांना धरून बसलं होतं. मिस्त्री रफिकभाई छिन्नीवर हातोडा हाणत होते आणि प्रत्येक घावाला वहिनी दचकत होती. मग तिने हात पुढे केला.

"द्या इकडे."

"ताई, लागेल तुम्हाला."

"लागू दे."

तिने हातोडा घातला तो सरळ पत्र्यावर. लाल रंगाचे कपचे उडाले. तळहात फुटून रक्त आलं, तरी ती थांबेना. माणूस असा अचानक गेल्यावर राग काढायचा कशावर? घाटाला मारता येत नाही, नशिबाला तर नाहीच. तिला निदान पत्रा मिळाला होता.

शेवटी बॉनेट धाडकन खाली पडलं. आतलं इंजिन जसंच्या तसं होतं.

"याला काहीच झालं नाही?" तिने विचारलं.

"नाही ताई. अजून चालू होईल."

वहिनीने हातोडा पुन्हा उचलला. रफिकभाई मागे सरले, आणि मीही.